दगडाबाईंची सूचना

धामणदऱ्याच्या ग्रामपंचायतीत अंगद बारा वर्षं कॉम्प्युटरवर बसतोय. दाखला असो, उतारा असो, नळाची तक्रार असो, सगळं त्याच्याच बोटांखालून जातं. पगार कंत्राटी, खुर्ची मोडकी आणि पंखा फिरला तर फिरला, पण मान मोठा. पाथर्डी तालुक्याच्या त्या कोरड्या कोपऱ्यात त्याच्यासारखं सरकारी मराठी लिहिणारा दुसरा कोणी नाही, असं गाव म्हणायचं आणि त्याचंही तेच मत होतं.

कोणी बाई यायची, म्हणायची, "आमच्या वस्तीवरचा दिवा चार म्हैनं बंद हाय, परवा माजी नात अंधारात पडली, दात मोडला तिचा." अंगद मान डोलवायचा आणि टाईप करायचा, "उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, वस्तीवरील पथदिवा नादुरुस्त असल्याने ग्रामस्थांची गैरसोय होत आहे." नातीचा दात त्यात कुठं शिल्लक राहत नसे. पण कागद असा वजनदार दिसायचा की बाई खूश होऊन जायची. "अंगदानं लिवलं की सायेब वाचतोच," असं गावभर झालं होतं. हळूहळू अंगदला वाटायला लागलं, की लोक नुसतं बोलतात, खरं म्हणणं मांडतो ते आपणच. माणसाच्या डोक्यात अशी हवा एका दिवसात जात नाही, पण बारा वर्षांत पुष्कळ जाते.

मागच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला पंचायत समितीकडून धनश्री मॅडम आल्या. वय तिशीच्या आसपास, राहायला नगरला सावेडीत, बरोबर एक प्रोजेक्टर आणि पेटीभर टॅब. पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा नव्या पद्धतीनं करायचा होता.

जुनी पद्धत काय होती, तेही सांगायला हवं. सरपंच आबासाहेब पाऊण तास बोलायचे. मग विचारायचे, "कुनाला काय सुचवायचंय का?" सतरंजीवरचे पुरुष एकमेकांकडे बघायचे. दाराशी बसलेल्या बायका पदर सावरायच्या. मग नेहमीचे दोघं उठायचे आणि आपापल्या वस्तीच्या रस्त्याचं बोलायचे. आबासाहेब "बघू" म्हणायचे, चहा यायचा, सभा संपायची. आदल्या वर्षी सगळ्या गावानं मिळून तीन सूचना केल्या होत्या. त्यातल्या दोन एकाच रस्त्याच्या होत्या.

मॅडमनी उभं राहून समजावलं. "एकजण बोलत असला की बाकीचे गप्प बसतात. गप्प बसता बसता आपल्या मनातलं विसरतात. काहीजणांना भीती वाटते, लोक हसतील, सरपंच रागावतील. म्हणून आज कोणी बोलायचं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं. लिहिलेलं समोर भिंतीवर दिसेल, पण कोणी लिहिलं ते दिसणार नाही. दुसऱ्याची सूचना वाचून काही सुचलं, तर तेही लिहा. कुणाच्याही सूचनेला आत्ता वाईट म्हणायचं नाही. शेवटी सगळे मिळून मतं देऊ."

"आन ज्यांना लिवाया येत न्हाई त्यांनी?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्यांनी अंगदभाऊंच्या कानात सांगायचं. ते लिहितील." मग त्या अंगदकडे वळल्या. "पण जसं सांगतील तसंच हं. त्यांच्याच शब्दांत. तुम्ही आज फक्त त्यांचे हात."

अंगदनं मान हलवली. मनात म्हणाला, नवीन आहेत, शिकतील.

आणि गावानं काय लिहिलं म्हणता! पंचवीस मिनिटांत भिंतीवर एकशेबारा सूचना. शाळेच्या टाकीत पाल निघाली ते कोणीतरी लिहिलं, त्याखाली कोणीतरी टाकी धुण्याच्या पाळ्या सुचवल्या, त्याखाली तिसऱ्यानं टाकीला जाळी. बायकांनी एसटीच्या थांब्यावर मुतारी मागितली. तोंडानं हा शब्द सभेत कोणी काढला नसता. "सरपंचांनी भाषण पाच मिनिटांत आवरावं" ही सूचना एकदा आली, तिला धरून आणखी चार आल्या. आबासाहेब हसले, पण त्यांना हसताना त्रास झाला.

अंगदच्या टेबलापाशी रांग लागली होती. म्हातारी माणसं वाकून त्याच्या कानात सांगायची आणि तो आपल्या सवयीनं टाईप करायचा. "सदर", "तथापि", "करण्यात यावे". हाताला वळणच ते. त्या रांगेत दगडाबाई आली.

दगडाबाईचं वय साठीच्या पुढंमागं. तीस वर्षं ती दर हंगामाला ऊसतोडीला जाते. दसऱ्यानंतर मुकादमाच्या टोळीबरोबर गाव सोडायचं आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचं. आता तिच्याच्यानं कोयता चालत नाही. ती फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, स्वयंपाक करते, नातवंडं सांभाळते आणि जमेल तेवढ्या मोळ्या बांधते. तिची सून सुरेखा दहावी झालेली आहे, पण त्या दिवशी ती माहेरी गेली होती. म्हणून दगडाबाईला अंगदच्या कानाशी यावं लागलं.

"अंगदा, ह्ये जे फोनातनं टाकत्यात, त्याला हितं बसावंच लागतं का रं?"

"नाही मावशी. कुठूनही टाकता येतं."

"मंग आमाला कोपीवर का इचारत न्हाईत? सव्वीस जानेवारीला सभा व्हती, तवा आमी फडात. आमच्या माघारी गाव समदं ठरवितं. आमची म्हातारी मानसं हितं, लेकरं हितं, त्यांचं काय करायचं ते आमालाच इचारीत न्हाई कुनी. फोन तर दर कोपीत हाय. फोनवर इचारा की. आन नाव दिसत न्हाई म्हंत्यात मॅडम, मंग मुकादमाचंबी भ्याव न्हाई. आसं लिव."

अंगद थांबला. बारा वर्षांत त्याच्या कानावर इतकं चांगलं काही आलं नव्हतं. टाईप केलेलं वाक्य असं झालं: "स्थलांतरित ऊसतोड कामगारांना दूरस्थ पद्धतीने ग्रामसभेच्या सूचना प्रक्रियेत सहभागी करून घेण्यात यावे." त्यानं ते दोनदा वाचलं. काय वाक्य होतं! मुकादम गळाला होता, भीती गळाली होती, म्हातारी माणसं आणि लेकरं गळाली होती, पण वाक्य असं तुळतुळीत झालं होतं की त्याला स्वतःलाच ते आपलं वाटलं. त्यानं बटण दाबलं.

दगडाबाई दाराशी जाऊन बसली आणि भिंतीकडे बघायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण मॅडम एकेक सूचना मोठ्यानं वाचत होत्या. आपली कधी येते, याची ती वाट बघत होती.

मॅडम वाचता वाचता थांबल्या. "स्थलांतरित ऊसतोड कामगारांना दूरस्थ पद्धतीने..." त्यांनी चष्मा वर केला. "अरे, हे कोणाचं? म्हणजे नाव विचारायचं नसतं, मलाच माहितेय. पण हे कोणाला सुचलं? असं मी अजून कुठल्याच गावात ऐकलं नाही."

आबासाहेबांनीच तोंड उघडलं. "आवो, कोनाचं काय? भाषा बघा की. आमच्या अंगदाशिवाय आसं लिवतंय कोन!"

सगळ्या सभेनं अंगदकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. अंगद खाली मान घालून हसला.

त्यानं 'मी' म्हटलं नाही. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला, की मी कुठं 'मी' म्हटलं होतं? नुसता तर हसलो. पण तसं हसणं म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं. आणि त्याच वेळी दाराशी दगडाबाई बसली होती, आणि तिलाही ते वाक्य आपलं आहे हे ओळखू आलं नाही. तिचा एक शब्द त्यात नव्हता, ओळखणार कशावरून?

सभा उठली तेव्हा ती त्याच्या टेबलापाशी आली. "माजं टाकलंस न्हवं रं? मॅडमच्या तोंडून ऐकू आलं न्हाई."

"टाकलंय मावशी," तो म्हणाला. "लई सूचना होत्या ना, खाली गेली असेल कुठंतरी."

"आसंल," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मॅडमनी अहवाल लिहिला, वरच्या साहेबांना तो आवडला आणि सप्टेंबरात अंगदला नगरला बोलावणं आलं. मोठं सभागृह, समोर दोनशे माणसं. तालुक्यातालुक्यातले लोक आपापल्या गावच्या नव्या गोष्टी सांगत होते. कोणीतरी भंडारदऱ्याकडच्या एका गावाचं सांगितलं, मग अंगदचा नंबर लागला. त्याला विचारलं, ही कल्पना सुचली कशी?

तेव्हा तरी त्याला खरं सांगता आलं असतं. माइक हातात होता, दोन वाक्यांचं काम होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "फोन तर दर कोपीत आहे, हे माझ्या लक्षात आलं. मग म्हटलं, फोनवरच का विचारू नये? नाव दिसत नाही, म्हणजे मुकादमाचीही भीती नाही."

टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच अंगदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला कळलं की या वेळी त्यानं आपली भाषा वापरली नव्हती, तिची वापरली होती. कागदावर जे गाळलं, तेच इथं मिरवायला काढलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, फोटो निघाला. परतीच्या एसटीत त्यानं शाल पिशवीत कोंबली आणि पिशवी सीटखाली ढकलली.

घरी बायको स्नेहलनं ती काढलीच. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, तो तिनं कापून टीव्हीच्या वर चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची, "यांनाच सुचलं बघा." अंगद जेवताना टीव्हीकडे पाठ करून बसायला लागला. स्नेहलनं विचारलं, तर म्हणाला, मान अवघडलीय.

दसरा झाला. गावात टेम्पो लागायला लागले, माणसं बोचकी बांधायला लागली. जाणाऱ्या प्रत्येक घराचा फोन नंबर अंगद यादीत लिहून घेत होता, कारण सव्वीस जानेवारीची सभा आता खरंच फोनवरून होणार होती. तिसऱ्या दिवशी दगडाबाई ऑफिसात आली. तिनं सुरेखाचा नंबर सांगितला. मग कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला पेपर काढला आणि टेबलावर पसरला.

"ह्यात आपल्या सभेचं आलंय म्हनं."

"हो," अंगद म्हणाला.

"फोनवरून इचारायचं ते माजंच व्हतं न्हवं? म्या तुज्या कानात सांगितलं ते?"

"तुमचंच मावशी."

"मला वाटलंच. सायबानं मनावर घेतलं म्हनायचं." ती पेपरावर वाकली. "मंग माजं नाव दाव की कुठं हाय. बोट ठिव माजं."

तिनं आपला हात पुढं केला. पाचटानं कापलेली, काळी पडलेली तर्जनी. अंगदनं ती धरली. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं, शप्पथ आलं. बाहेर दोन माणसं दाखल्यासाठी उभी होती, ती ऐकतील असंही आलं. आणि त्यानं तिचं बोट उचलून पेपरातल्या एका ओळीवर ठेवलं. त्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव छापलेलं होतं.

"हे बघा. इथं."

तिनं बोट तसंच थोडा वेळ ठेवलं. ओळ बघितली, मग अंगदच्या तोंडाकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली. पेपराची पुन्हा तशीच घडी घातली, पिशवीत ठेवली आणि गेली.

अंगदनं त्या दिवशी एकही दाखला काढला नाही. सर्व्हर बंद आहे म्हणाला. आयुष्यात त्यानं बारीकसारीक खोटं पुष्कळ केलं होतं. ऑफिसात बसणारा माणूस करतोच. पण एका बाईचा हात हातात धरून, तिला वाचता येत नाही म्हणून, असं आपण करू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. हात साबणानं धुतला, पुन्हा धुतला. तेव्हाच उठून तिच्या घरी गेला असता तर! पण उद्या जाऊ म्हणाला, आणि उद्या सकाळी टोळी गेली होती.

मग सगळा हिवाळा तो त्या लाजेबरोबर राहिला. दगडाबाईच्या कुलूप लावलेल्या घरावरून जायला नको म्हणून मारुतीच्या मागून वळसा घालून ऑफिसात यायला लागला. एखादी म्हातारी कानाशी आली की त्याची बोटं अडायची. 'करण्यात यावे' लिहायचा, खोडायचा, आणि दुसरं काही लिहिता यायचं नाही. आबासाहेब म्हणायचे, "नगरला जाऊन आल्यापासनं आपल्या ऑपरेटरला काय झालंय कळंना."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला आणि दुपारी बाराला सभा ठेवली, कारण त्या सुमाराला फडातली गाडी भरून टोळी जरा टेकते. धनश्री मॅडम मुद्दाम आल्या होत्या. त्यांच्याबरोबर तालुक्याहून आणखी दोन साहेब हा प्रयोग बघायला. टोळ्या कऱ्हाडच्या बाजूला होत्या. तिकडं इंटरनेट मिळत नव्हतं, बोलण्यापुरती रेंज होती. म्हणून असं ठरलं की कोपीवरच्यांनी फोनवर सांगायचं, आणि अंगदनं इकडं टाईप करायचं. म्हणजे पुन्हा कान त्याचाच.

सभेच्या अर्धा तास आधी त्यानं फोन लागतोय का बघायला सुरेखाला फोन केला. "आवाज येतोय का?"

"येतोय अंगदभाऊ," सुरेखा म्हणाली. मग आवाज बारीक केला. "एक सांगू का? आत्याबाई लांब हायत म्हनून सांगती. पेपर घिऊन त्या तुमच्याकडं आल्या हुत्या ना, त्याच्या आदल्या दिशीच म्या त्यांना तो वाचून दावला हुता. सगळा. शेवटपतुर."

अंगदनं फोन कानाला आणखी दाबून धरला.

"म्या म्हनलं, भांडा जाऊन. तर म्हनल्या, न्हाई, आदी त्याला इचारते, काय सांगतोय बघू. आल्या तवा कायच बोलल्या न्हाईत. अजूनबी बोलल्या न्हाईत. मलाच ऱ्हावलं न्हाई." फोन बंद झाला.

अंगद तसाच उभा राहिला. म्हणजे तिनं हात पुढं केला, तेव्हा तिला माहीत होतं. त्यानं आपल्याच नावावर तिचं बोट ठेवलं, तेव्हाही माहीत होतं. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं ते त्याला आठवलं आणि त्याला वाटलं, आत्ता इथंच जमीन दुभंगावी.

सभा सुरू झाली. टॅब वाटले, भिंत उजळली. टेबलावर त्याचा फोन स्पीकरवर ठेवला होता आणि त्यातून फडातला वारा ऐकू येत होता. अंगदनं खिशातून आपला दुसरा फोन काढला, मांडीवर धरला आणि त्यावरून एक ओळ टाकली: "फोनवरून सभेची सूचना दगडाबाईंची होती." नाव दिसत नाही, ही सोय होतीच. त्यानं विचार केला, खरंही बाहेर येईल आणि आपलं तोंडही वाचेल. घाबरलेल्या माणसानं निर्भयपणे बोलावं म्हणून केलेल्या त्या सोयीच्या आड तो असा जाऊन लपला.

ओळ भिंतीवर आली. मॅडमनी ती वाचली आणि सभेत खसखस पिकली.

"आता ह्ये कुनी घातलं?" आबासाहेब मोठ्यानं म्हणाले. "आवो, दगडाबाईनंच फोन करून कुनाला तरी घालाया सांगितलं आसंल. पेपरात अंगदाचं नाव आलं ते बघवलं न्हाई. म्हातारपनी हौस बघा!"

लोक हसले. तालुक्याचे साहेबही हसले. फोन स्पीकरवर होता. तिकडून सुरेखाचा आवाज आला, "आमी कायबी घालाया सांगितलं न्हाई," आणि तिचा आवाज रडवेला होता. तिच्यामागं टोळीतल्याही कोणाचं तरी हसणं ऐकू आलं.

"नावं हुडकायची नसतात, सरपंच," मॅडम म्हणाल्या. पण हसणं काही लगेच थांबलं नाही.

अंगद उठला. धैर्यानं उठला असं कोणी म्हणू नये. बसवेना म्हणून उठला. आता तर त्यानं तिला चारचौघांत, दोन जिल्ह्यांत एकाच वेळी, खोटं पाडलं होतं.

"ते मी टाकलंय," तो म्हणाला. "आत्ता, ह्या फोनवरून. सूचना दगडाबाईंचीच होती. त्यांनी माझ्या कानात सांगितली. मी ती माझ्या भाषेत लिहिली आणि मॅडमनी विचारलं तेव्हा गप्प बसलो. नगरला शाल घेतली. मावशी पेपर घेऊन आल्या, नाव दाखव म्हणाल्या, तर मी त्यांचं बोट धरून माझ्याच नावावर ठेवलं."

त्याला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. सभा त्याच्याकडे बघत होती आणि दाराशी बसलेल्या बायका तर डोळे फाडून बघत होत्या. त्यांच्यातल्या कितीजणी त्याच्या कानाशी आल्या असतील, आणि आता प्रत्येकीला आठवत असेल की आपण काय सांगितलं होतं आणि ह्यानं काय लिहिलं असेल.

"आरं बस, बस खाली," आबासाहेब सावरून घेत म्हणाले. "कुनाची का आसंना, नाव गावाचंच झालं की."

हे ऐकून अंगदला जास्तच मेल्यासारखं झालं. अहवाल मॅडमनी लिहिला होता, त्यावर सही त्यांची होती. त्या मान खाली घालून आपल्या वहीत काहीतरी लिहीत बसल्या.

फोनमधून खरखर आली आणि मग दगडाबाईचा आवाज. "अंगदा, झालं का तुजं बोलून?"

"झालं, मावशी."

"मंग बस आन माज्या सूचना घे. गाडी यील आता. दोन हायत."

तो बसला.

"पयली. आमी फडात आस्तो तवा माघारी ऱ्हायलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी आठवड्यातनं येकदा कुनीतरी जाऊन बघावं, जितं हाय का, जेवलंय का. माजी जाऊ गावात यकटी आस्ती. गेल्या साली तापानं चार दिस पडून हुती, कुनाला कळलं न्हाई. लिवलं का?"

"लिहिलं." त्यानं तसंच लिहिलं होतं. 'जितं हाय का, जेवलंय का.' त्या शब्दांना हात लावायचीही त्याला भीती वाटली.

"दुसरी. सांगितलेलं लिवाया दुसरं मानूस द्या. म्या बोलले तसंच लिवील आसं. अंगद नको."

अंगदची बोटं बटणांवर थांबली. मॅडम पुढं वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, नाव वगळलं तरी चालेल. 'दुसरा माणूस द्यावा' एवढं लिहा."

"नाही मॅडम," अंगद म्हणाला. "सांगितलंय तसंच."

त्यानं एकेक अक्षर टाईप केलं. ओळ भिंतीवर आली, बाकीच्या ओळींसारखीच, कोणाच्याही नावाशिवाय. मग मतं सुरू झाली. टॅबवरची बोटं हलली, फोनवरून टोळ्यांनी आपापली मतं सांगितली, ती मॅडमनी स्वतः मोजून घातली. म्हाताऱ्यांच्या घरी जाण्याच्या सूचनेला चव्वेचाळीस पडली. दुसरीला एकावन्न. दाराशी बसलेल्या एकूण एक बाईनं तिला मत दिलं होतं. मान वर करून दिलं होतं, लपवलं नव्हतं.

सगळ्यात जास्त मतं पडलेली सूचना शेवटी सभेला मोठ्यानं वाचून दाखवायची, असा नियम होता, आणि ते काम ऑपरेटरचं होतं. अंगद उभा राहिला. फोनमध्ये वारा वाजत होता आणि पलीकडं ती ऐकत होती.

"सांगितलेलं लिवाया दुसरं मानूस द्या," त्यानं वाचलं. "म्या बोलले तसंच लिवील आसं. अंगद नको."